वरचा डबा

थोरलीला पक्कं ठाऊक होतं की तिचे कॉल धाकटी जाऊच तोडते. पुरावा म्हणाल तर काडीचा नव्हता. पण जिने अर्धं आयुष्य वॉर्डात काढलं, पेशंट "गोळी घेतली" म्हणाला की जीभ वर करायला लावून खात्री केली, ती बाई पुरावा नाही म्हणून गप्प बसत नाही. ती आधी संशय घेते आणि मग पुरावा शोधायला निघते.

वॉर्डातली नोकरी तिला पाठीने सोडायला लावली. पेशंटला कुशीवर वळवता वळवता एक दिवस तीच वळेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, आता उचलणं, ओढणं, वाकणं सगळं बंद. नर्सला हे सांगणं म्हणजे गवयाला गाऊ नको सांगण्यासारखंच. घरी बसून ती सगळ्यांच्या चुका काढायला लागली आणि घर अगदी टेकीला आलं. मग आजारी माणसांना घरबसल्या सल्ला देणाऱ्या एका कंपनीत तिला काम मिळालं. समोर लॅपटॉप, कानाला हेडफोन. पलीकडे कोणाचं तापलेलं पोर, कोणाची चिघळलेली जखम. कॅमेऱ्यातून बघायचं, नीट विचारायचं आणि काय करायचं ते सांगायचं. लोक तिला पुन्हा "सिस्टर" म्हणायला लागले, आणि त्या एका शब्दावर तिची पाठ निम्मी बरी झाली.

पण अजून ती कायम झाली नव्हती, आणि कॉल मध्येच तुटणं हा त्या कंपनीत सगळ्यात मोठा गुन्हा होता. तिचा दोनदा तुटला होता. सुपरवायझर बाईने गोड आवाजात सांगितलं होतं, "सिस्टर, तुमचं काम उत्तम आहे. पण तिसऱ्यांदा तुटला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

घर दुमजली, दोघा भावांचं. खाली थोरली आणि तिचा नवरा, वर धाकटी आणि दीर. स्वयंपाकघर एकच, खाली, जिन्याला लागून. घरभर नेट नीट पोचावं म्हणून दिराने मोठ्या हौसेने तीन पांढरे डबे आणले होते. एक बैठकीत, एक जिन्याच्या वरच्या टोकाला आणि एक मागच्या खोलीत, थोरलीच्या टेबलाशेजारी. तिन्हींचं नेट एकच, नाव एकच, ज्याला जो जवळ पडेल तो त्याने धरायचा, असं दिराने समजावून सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पहिल्याच दिवशी डब्यांची वाटणी करून टाकली. बैठकीतला सगळ्यांचा, मागचा थोरलीचा, वरचा धाकटीचा.

आता धाकटीने कॉल का तोडावेत? तर त्यालाही कारण होतं. मागची खोली खरं म्हणजे धाकटीला मिळायची होती. ती पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायची, आणि त्या खोलीत उजेड भरपूर. पण थोरलीला दार लावून बसता येईल अशी शांत खोली हवी होती. धाकटी "घ्या ताई" एवढंच म्हणाली आणि आपलं शिवणयंत्र उचलून वर झोपायच्या खोलीत घेऊन गेली. ती भांडली असती, चार भांडी आपटली असती, तर थोरलीला बरं वाटलं असतं. इतक्या सहज कोणी उजेडाची खोली सोडतं का? कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला तेव्हाच वाटलं होतं.

दुसरा कॉल तुटल्यावर दिराने नेटवाल्याला बोलावलं. तो आला तेव्हा थोरली दार लावून कामावर बसली होती. दोन कॉलच्या मध्ये तिने दार बोटभर उघडून पाहिलं. नेटवाला जिन्यात उभा राहून हळू आवाजात काहीतरी सांगत होता, आणि धाकटी मान हलवत होती. एकदा त्याने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. थोरलीने दार लावून घेतलं.

काम संपल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

"डबे ठीक आहेत म्हणाला," धाकटी म्हणाली. "पण ताई, तुम्ही तो लॅपटॉप स्वयंपाकघरात नका उघडत जाऊ."

थोरली रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्यावरच लॅपटॉप उघडायची, आज कुठली पाळी, बरोबर कोण कोण, ते बघायची, आणि तसाच उघडा लॅपटॉप एका हातात आणि कप दुसऱ्या हातात घेऊन मागे जायची. तिच्या दिवसातला तो सगळ्यात आवडता भाग होता. त्यावरही हिचा डोळा!

"का? स्वयंपाकघर काय तुझ्या एकटीच्या नावावर झालंय?"

धाकटी वर निघून गेली. ही धाकटी म्हणजे मुळातच मुलखाची अबोल. तिच्या मनात काय चाललंय याचा ती ताकास तूर लागू द्यायची नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याचं सगळं थोरली स्वतःच मनात बोलून घ्यायची.

त्यानंतर काही दिवसांनी थोरलीला आणखी एक गोष्ट दिसली. वरच्या डब्यावर निळा दिवा होता, तो जिन्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की कठड्यातून दिसायचा. एके सकाळी कामाला बसायच्या जरासं आधी ती पाणी घ्यायला आली, तर दिवा विझलेला. पाणी पिऊन मागे वळली तोवर पेटलेला. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्याच वेळी आली. पुन्हा तेच!

तिने नवऱ्याला गाठलं. नवरा बस चालवायचा. दिवसभर शंभर माणसांची कटकट ऐकून तो इतका शांत झाला होता की घरात त्याला राग यायलाही उशीर लागायचा.

"अहो, ती रोज डबा बंद करते. माझ्या कामाच्या वेळेला."

"बरं. मग आज कॉल तुटला का?"

"नाही."

"काल?"

"नाही."

"परवा?"

"आता तुटत नाहीये हो!"

"मग रडतेस कशाला?"

"तुटेल ना!"

नवरा हसला. "संशयाला औषध नसतं, सिस्टर," असं म्हणून तो आंघोळीला गेला. जाताना फोन मात्र टेबलावर विसरला, आणि त्या फोनवर दिराने डब्यांचं अ‍ॅप टाकून दिलेलं होतं.

थोरली फोन घेऊन ओट्याशी आली. चहा उकळत होता, लॅपटॉप शेजारी उघडा होता. अ‍ॅपमध्ये तीन डब्यांची चित्रं होती आणि प्रत्येक चित्राखाली त्या डब्याला घरातलं काय काय जोडलंय त्याची नावं. मागच्या डब्याखाली काहीच नव्हतं. तिचा लॅपटॉप होता "वर" या नावाखाली, धाकटीच्या फोनच्या बरोबर खाली.

तिची कानशिलं तापली. आपल्या टेबलाशेजारी आपला हक्काचा डबा, आणि लॅपटॉप हिच्या डब्याला बांधलेला! नेटवाल्याला हाताशी धरून हिनेच बांधून घेतला असणार. त्या दिवशी जिन्यातली कुजबुज ती हीच. आता दोरी हिच्या हातात, वाटेल तेव्हा ओढायची आणि वाटेल तेव्हा सोडायची. मनाजोगता पुरावा मिळाला होता, त्यामुळे मागच्या खोलीत जाऊन बसल्यावर अ‍ॅप पुन्हा उघडून बघावं असं तिला एकदाही वाटलं नाही.

तिने ठरवलं, हिला रंगेहाथ पकडायचं.

कंपनीचा नियम असा होता की ठरलेल्या वेळी बसायचं, आधी नेट तपासायचं आणि मगच कॉल घ्यायला सुरुवात करायची. वेळेआधी बसायला बंदी नव्हती, पण तपासल्याशिवाय बसायला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली ओट्यावरचा उघडा लॅपटॉप नेहमीसारखाच मागे नेऊन गुपचूप लवकर बसली. तपासणीच्या पानावर तिने नुसतं "झाली" दाबलं. खोलीचं दार अर्धवट उघडं ठेवलं आणि औषधांच्या जाडजूड पुस्तकाला टेकवून हातआरसा असा ठेवला की मान न वळवता जिन्याचं वरचं टोक दिसावं. आपल्या हुशारीवर ती इतकी खूश होती की तिने स्वतःशीच मान डोलावली.

आणि बसल्या बसल्या कॉल आला.

एक तरुण बाप होता. मांडीवर काही महिन्यांचं बाळ. "सिस्टर, हा रात्रीपासून खोकतोय, आता दूधही घेत नाही, नुसता कण्हतोय."

थोरलीचा आवाज आपोआप वॉर्डातला झाला. "घाबरू नका. त्याला आडवं ठेवू नका, खांद्याशी उभं धरा. आता झबलं वर करा आणि छाती मला दाखवा. थोडं उजेडाकडे या."

बापाने झबलं वर केलं. चित्र फाटत होतं, तुकडे तुकडे होऊन पुन्हा जुळत होतं. तरीही तिला दिसलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. हे सल्ल्याचं काम नव्हतं, हे अँब्युलन्सचं काम होतं.

"नीट ऐका," ती म्हणाली, "आता एक क्षणही न दवडता..."

तेवढ्यात आरशात काहीतरी हललं. धाकटी आपल्या खोलीतून बाहेर आली. तिने खाली वाकून पाहिलं, कान दिला, आणि डब्यामागच्या बटणाकडे हात नेला. थोरलीची नजर बाळावरून आरशावर गेली. पुढचं वाक्य ओठांवर होतं, पण ती बघत राहिली. सापडली! महिनाभर ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं आणि त्याचा तिला आनंद झाला होता, हे तिला नंतर कधीही नाकारता आलं नाही.

निळा दिवा विझला. पडद्यावरचा बाप तोंड उघडं ठेवून गोठला, आणि मग पडदा कोरा झाला.

थोरली हेडफोन भिरकावून जिन्याच्या पायथ्याशी आली. पाठ, डॉक्टर, सगळं विसरून ती ओरडली, "बघितलं मी! डोळ्यांनी बघितलं! कॉल चालू होता माझा! बाळ होतं समोर, श्वास लागलेलं बाळ! माझी नोकरी घालवून खोली परत मिळवणार होतीस ना? घे! घे तुझी खोली!"

धाकटी बटणावर हात ठेवून तशीच उभी. "कॉल चालू होता? आत्ता? अजून तर तुमची वेळ नाही झाली, ताई."

"वेळ बघून बंद करतेस म्हणजे!"

"हो," धाकटी म्हणाली. "वेळ बघूनच करते. रोज."

असं कोणी कबूल करतं का? थोरली क्षणभर बावचळली. धाकटी दोन पायऱ्या उतरली आणि आयुष्यात बोलली नव्हती इतकं एका दमात बोलली.

"तो नेटवाला सांगून गेला होता. तुम्ही लॅपटॉप स्वयंपाकघरात उघडता, तिथे जिन्यातून वरच्या डब्याचं नेट थेट येतं, म्हणून तो वरचा डबा धरतो. मग तुम्ही तो तसाच मागे नेता. तिथे तुमचा डबा शेजारी असतो, पण लॅपटॉप पहिल्याला सोडत नाही. लांबून ओढत राहतो, म्हणून चित्र फाटतं आणि कॉल तुटतो. तुम्हाला सांगायला आले, तर तुम्ही म्हणालात स्वयंपाकघर माझ्या नावावर आहे का. मग मी म्हटलं, नको वाद. तुम्ही मागे गेलात की बसायच्या आधी दोन मिनिटं वरचा डबा बंद करायचा. लॅपटॉपला मग शेजारचा धरावाच लागतो. एकदा तो धरला की वरचा चालू केला तरी हलत नाही. दुसऱ्या कॉलनंतर मी रोज करतेय. तुटला का एकदा तरी?"

तुटला नव्हता. थोरलीने ते आपल्या सावधपणाच्या नावावर मांडलं होतं.

तरीही तिला पटेना. कावीळ झालेल्याला म्हणे सगळं जग पिवळं दिसतं, आणि कावीळ काही एका वाक्याने उतरत नाही. तिने धाकटीच्या समोरच नेटवाल्याला फोन लावला, आणि दोघींना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"हो, मीच सांगितलं त्यांना," नेटवाला म्हणाला. मागे कुठेतरी ड्रिलचा आवाज चालला होता. "अहो, ही यंत्रं लहान पोरासारखी असतात. गर्दीत ज्याचं बोट आधी धरलं त्याला सोडत नाहीत, मग सख्खी आई शेजारी का उभी असेना. सगळीच तशी नसतात, पण तुमचा लॅपटॉप आहे खरा चिकट. मी बांधून बिंधून काही दिलं नाही. डबा बंद करायचीसुद्धा गरज नाही, बाई. लॅपटॉप मागच्या खोलीत जाऊनच उघडा, झालं काम. मी बोललो होतो की त्यांच्यापाशी."

थोरलीने फोन ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागच्या खोलीत लॅपटॉपने एव्हाना निमूटपणे शेजारचा डबा धरला होता आणि पडद्यावर "कॉल तुटला" अशी पाटी झळकत होती. पण तिला दिसत होता तो बरगड्यांखालचा खड्डा. अर्ध्यात तुटलेला पेशंट सिस्टरला स्वतः परत गाठता येत नाही, कंपनी तो दुसऱ्या सिस्टरकडे पाठवते, हे तिला माहीत होतं. मिळाली असेल का दुसरी? तो बाप तेवढा वेळ थांबला असेल का? ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मटकन बसली. धाकटी वर गेली नाही. कठड्याला धरून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने सुपरवायझर बाईचा फोन आला. थोरलीने फोन पायरीवर ठेवून स्पीकरवरच घेतला.

"बाळ दवाखान्यात पोचलंय, सिस्टर. दुसऱ्या सिस्टरने लगेच घेतला तो कॉल. ऑक्सिजन लावलाय, आता धोका नाही म्हणतात."

थोरलीने डोळे मिटले. वरच्या पायरीवर धाकटीनेही मोठा श्वास सोडला.

"पण तुमचा हा तिसरा कॉल," बाईंचा आवाज कोरडा झाला. "आज तुम्ही वेळेआधी बसलात. नेट तपासलं होतं का? की आणखी काही झालं? घरातल्या कोणाकडून चुकून काही बंद वगैरे झालं असेल तर ती वेगळी गोष्ट. तसं असेल तर हा मी तुमच्याकडे धरणार नाही. खरं काय ते सांगा."

थोरलीने मान वर करून पाहिलं. धाकटीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि आवाज न करता ओठ हलवले. माझं नाव सांगा.

आणि त्या घटकेलाही थोरलीच्या मनात पहिला विचार काय यावा? ही इतकी चांगली का वागतेय? हिला बदल्यात काय हवंय? विचार आला आणि गेला, पण आला होता. मग तिला पाठ आठवली, घरात बसून काढलेले ते दिवस आठवले, आणि पुन्हा तसं बसायची धास्ती सगळ्यावर चढून बसली.

"घरातल्या माणसाने डबा बंद केला," ती म्हणाली.

"कोणी?"

"माझ्या धाकट्या जावेने."

एकही शब्द खोटा नव्हता. नेट न तपासता "झाली" दाबलं होतं आणि जावेला पकडायला आरसा लावून बसले होते, हे फक्त तिने सांगितलं नाही.

"त्यांना चांगली समज द्या, सिस्टर. इथे लोकांच्या जिवाशी गाठ असते, हा काही पोरखेळ नाही."

थोरलीला वाटलं, आत्ता तरी बोलावं. तोंड उघडलं तर बाहेर पडलं ते भलतंच.

"हो," ती म्हणाली. "देते."

फोन बंद झाला. थोरलीने वर पाहिलं तेव्हा धाकटीची पाठ दिसली. नाव सांगायला तिनेच सुचवलं होतं, पण समज द्यायला "हो" म्हणायचं तिने सुचवलं नव्हतं. दार लागल्याचा आवाज आला, आपटल्याचा नाही.

रात्री नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो एरवीसारखा हसला नाही. "उद्या वर जा," एवढंच म्हणाला आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने लॅपटॉप मागच्या खोलीत जाऊन उघडला. नवऱ्याच्या फोनवर बघितलं, तर लॅपटॉप मुकाट्याने "मागे" या नावाखाली. चित्र काचेसारखं स्वच्छ. दिवसभरात एकही कॉल अडखळला नाही. नोकरी राहिली होती, आणि दिवसभर लोकांना धीर देणाऱ्या त्या बाईला स्वतःची इतकी लाज वाटत होती की दोनदा तिने चहासाठी उठणं टाळलं, न जाणो स्वयंपाकघरात गाठ पडली तर.

काम संपल्यावर ती जिना चढायला लागली. काय बोलायचं ते तिने मनात घोळवून ठेवलं होतं. चुकलं माझं. मी पुन्हा फोन करून खरं काय ते सांगते. वर दाराआड शिवणयंत्र एकसारखं चाललं होतं. डब्याचा निळा दिवा पेटलेला होता.

एक पायरी करकरली आणि यंत्र थांबलं.

थोरली जागच्या जागी उभी राहिली. आता धाकटी दार उघडेल, निदान "कोण आहे" विचारेल, म्हणून ती थांबली. दार उघडलं नाही. खुर्ची सरकली नाही, पावलं वाजली नाहीत. दाराआड कोणीतरी श्वास रोखून कान देऊन ऐकत होतं. ही आता वर कशाला आली असेल, डब्यापाशी काय करत असेल, हिच्या मनात आता काय असेल. थोरलीला ते न बघताही कळलं, कारण महिनाभर तिने दुसरं काही केलंच नव्हतं.

"अगं, मी आहे," ती म्हणाली. "चुकलं माझं."

थोडा वेळ वाट बघून ती कठडा धरून हळूहळू खाली उतरली. ती स्वयंपाकघरात पोचेपर्यंत वर सगळं शांत होतं. मग यंत्र पुन्हा सुरू झालं.